कडी, बसचा पास आणि शिक्षणाचं भवितव्य

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत नोंदी घेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. विषय भारदस्त होता: ‘उद्याची शाळा कशी असावी?’ भिंतीवर लांबलचक कागद चिकटवलेला, टेबलांवर रंगीत चिठ्ठ्या आणि स्केचपेनं, समोर आठवी-नववीची साठेक मुलं. सूत्रसंचालक उत्साही होते. ‘मोकळेपणाने लिहा, चूक-बरोबर काही नसतं,’ असं त्यांनी तीनदा सांगितलं. पहिल्या दहा मिनिटांत भिंतीवर रोबो शिक्षक आले, उडत्या बस आल्या, दप्तराविना शाळा आली. मग एका मुलीने पिवळी चिठ्ठी आणून अगदी खालच्या कोपऱ्यात चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी पाहिजे.’

मी ते वहीत उतरवून घेतलं. दोन महिन्यांनी अहवाल आला, त्यात कडी नव्हती. तिच्या जागी एक वाक्य होतं: ‘सुरक्षित व समावेशक भौतिक सुविधांची गरज सहभागींनी अधोरेखित केली.’ खोटं काही नव्हतं त्यात. फक्त स्क्रूड्रायव्हर घेऊन नेमकं कुठल्या दारापाशी जायचं, हे कळायची सोय उरली नव्हती.

‘शिक्षणाचं भविष्य ठरवताना तरुणांचा आणि समाजाचा आवाज हवा’ हे वाक्य हल्ली कुठल्याही परिषदेच्या फलकावर सापडतं. त्याला उघडपणे नाही कुणीच म्हणत नाही, म्हणून तर ते जरा उलटून-पालटून पाहावं लागतं. हा आवाज कुणाचा, तो कुणाच्या कानापर्यंत जातो, आणि पुढे त्याचं काय होतं? माझं मत आधीच सांगून टाकते: विचारणाऱ्याने उत्तर देण्याचं बंधन स्वतःवर घेतलं नसेल, तर मतं मागवणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. पण ते यावं, आणि कारणासकट यावं.

वजन कोण करणार?

मुलांचं मत ऐकून घेणं हा त्यांचा हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय कायद्यात पक्कं झालं ते २० नोव्हेंबर १९८९ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या दिवशी बालहक्क करार स्वीकारला. आज १९६ पक्ष त्याला बांधील आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी तो मंजूर न केलेला देश एकच, अमेरिका. कराराचं बारावं कलम आपल्या विषयाचं मूळ आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबींत ते मोकळेपणाने मांडता आलं पाहिजे, हा पहिला. त्या मताला मुलाचं वय आणि समज पाहून योग्य वजन दिलं पाहिजे, हा दुसरा.

मेख त्या ‘वजन’ शब्दात आहे. तराजू मोठ्यांच्याच हातात राहतो. ‘अजून लहान आहे’ म्हटलं की पारडं वर गेलंच. ही पळवाट ओळखून कराराच्या देखरेख समितीने २००९ मध्ये या कलमाचा खुलासा करणारं स्वतंत्र टिपण काढलं आणि सहभाग खरा कधी म्हणायचा याच्या नऊ कसोट्या दिल्या. माहिती आधी द्या, सक्ती नको, मुलांना कळेल अशी पद्धत ठेवा, कुणाला वगळू नका, बोलल्यामुळे मूल अडचणीत येणार नाही हे पाहा, वगैरे. यातली मला सगळ्यात जड वाटते ती शेवटची: उत्तरदायित्व. मुलांनी जे सांगितलं त्याचा अर्थ आम्ही काय लावला, ते कुठे वापरलं, हे परत येऊन त्यांना सांगायचं. चिठ्ठ्या गोळा करणं अर्ध्या दिवसाचं काम असतं. परत जाणं मात्र कुणाच्याच वेळापत्रकात नसतं.

शिडी आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्या

या क्षेत्रात काम करणारी मंडळी एक चित्र सारखं काढून दाखवतात, ते शिडीचं. मूळ शिडी अमेरिकेच्या शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी मांडली. १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी लिहिताना ती मुलांच्या सहभागासाठी नव्याने बांधली. आठ पायऱ्या. पैकी खालच्या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. पहिलीवर मुलांना वापरून घेतलं जातं: मोठ्यांनी लिहिलेल्या घोषणांचे फलक त्यांच्या हाती द्यायचे. दुसरीवर ती शोभेला असतात: स्वागतगीत म्हणायचं आणि खाली बसायचं. तिसरीवर त्यांना व्यासपीठावर बोलवतात, माइकही देतात, पण विषय निवडायला किंवा आपल्या बाकी सोबत्यांना विचारायला वाव देत नाहीत. ही तिसरी पायरी फसवी. बाहेरून ती चौथी-पाचवीसारखीच दिसते आणि फोटोही छान येतात.

वरच्या टोकाला काय असेल? बहुतेकांना वाटतं की मुलं एकटीच सगळं ठरवत असतील. तसं नाही. सुरुवात मुलांनी केलेली आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून घेतलेला, ही हार्ट यांची आठवी पायरी आहे. ‘मुलांच्या हाती सगळं सोपवा’ असं कुणीच म्हणत नाहीये, हे लक्षात ठेवलं तर पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

शिडी पाहायला सोपी, पण ती कुठे मोडली हे शोधायला तिचा उपयोग कमी. त्यासाठी मला बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांची २००७ ची मांडणी जास्त कामाची वाटते. नुसता आवाज पुरत नाही, असं त्या म्हणतात. चार गोष्टी लागतात: बोलायला जागा, मत मांडायला मदत, ऐकणारा माणूस, आणि त्या मताचा काहीतरी परिणाम. आमच्या कार्यशाळेला हे चार चिमटे लावून पाहिले. जागा होती. आवाजही होता, पिवळ्या चिठ्ठीवर. तिसऱ्या ठिकाणी सगळं अडलं. खोलीत बसलेल्या आम्हा मोठ्यांपैकी एकाकडेही कडी बसवण्याचा अधिकार नव्हता आणि तो ज्यांच्याकडे होता ते मुख्याध्यापक उद्घाटन करून निघून गेले होते.

कडी पुढे बसली, पण अहवालामुळे नाही. कार्यक्रमानंतर हॉल आवरणाऱ्या मावशींनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढताना ती वाचली आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला दार दाखवलं. लंडींच्या तिसऱ्या अटीचा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

भविष्य अनेकवचनी कसं?

आता जरा वरच्या मजल्यावर जाऊ, जिथे जगाच्या शिक्षणाचे आराखडे लिहिले जातात. युनेस्कोने २०१९ मध्ये शिक्षणाच्या भवितव्यावर एक मोठा उपक्रम सुरू केला. इथिओपियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष साहले-वर्क झेवदे यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. असे अहवाल युनेस्को क्वचितच काढते. १९७२ चा एदगार फोर यांचा आणि १९९६ चा झाक देलोर यांचा, हे त्याचे पूर्वज. या वेळी फरक असा की सुमारे दोन वर्षांत जगभरातल्या जवळपास दहा लाख लोकांची मतं त्यासाठी घेतली गेली, आणि मधल्या काळात महासाथ येऊन गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये १९० हून अधिक देशांत शाळा बंद होत्या आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. ‘शाळा कशासाठी?’ हा एरवी भाषणातला प्रश्न तेव्हा घराघरात येऊन बसला.

आयोगाचे प्रश्न मला आवडले. काय चालू ठेवायचं? काय सोडून द्यायचं? आणि काय नव्याने घडवायचं? ‘तुम्हाला वर्गात कोणतं उपकरण हवं?’ या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं असतं, उपकरण हवं हे विचारणाऱ्याने ठरवूनच टाकलेलं असतं. ‘काय सोडायचं?’ या प्रश्नात ते नसतं. मुलांना विचारताना अर्धी लढाई प्रश्न लिहितानाच जिंकली किंवा हरली जाते.

उरलेली अर्धी उत्तरं वाचताना. दहा लाख मतं कुणीही एकेक करून मनात साठवू शकत नाही. मग त्यांचं वर्गीकरण करतात, ज्याला संशोधक कोडिंग म्हणतात. प्रत्येक उत्तराला एक लेबल: ‘सुविधा’, ‘शिक्षक’, ‘परीक्षा’, ‘तंत्रज्ञान’. लेबलांची मोजदाद होते आणि वरची पाच-दहा अहवालात जातात. याला पर्याय नाही हे मान्य. पण या चाळणीतून पहिली गळते ती नेमकी गोष्ट. कडी ‘सुविधां’त विरघळते. ज्यांची संख्या थोडी, त्यांचं म्हणणं तळाशी राहतं, मग ती अंध मुलं असोत की दर हंगामात गाव बदलणाऱ्या कुटुंबांतली. आणि ज्यांना विचारायला कुणी पोचलंच नाही त्यांचं तर लेबलही पडत नाही. जगात आज २५ कोटींहून अधिक मुलं आणि किशोरवयीन शाळेबाहेर आहेत. शाळेच्या भविष्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्यांच्याकडे असणार, आणि मतं मात्र बहुतेक वेळा शाळेमार्फत गोळा होतात.

राहिला तो अनेकवचनाचा मुद्दा. या क्षेत्रातले लोक ‘भविष्य’ न म्हणता ‘भविष्यं’ म्हणतात, ते ऐकायला विचित्र वाटतं. कारण साधं आहे. पुढे काय होणार हे सांगणं म्हणजे भाकीत. काय काय होऊ शकतं हे मांडून, त्यातलं आपल्याला काय हवं हे ठरवणं ही वेगळी गोष्ट. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०२० मध्ये शाळेची अशी चार चित्रं मांडली. आजची शाळाच अधिक पसरलेली. शाळेचं काम खासगी आणि इतर यंत्रणांकडे वाटून दिलेलं. शाळा भिंती मोकळ्या करून वस्तीचं शिकण्याचं केंद्र झालेली. आणि शाळा उरलेलीच नाही, जो तो जिथे असेल तिथे यंत्राच्या मदतीने शिकतोय. यातलं कुठलंही एक खरं ठरेल असा कुणाचा दावा नाही. पण चौथं चित्र समोर ठेवून मुलांना ‘हे हवंय का?’ विचारून पाहा. ‘मित्र कुठे भेटणार?’ हा प्रश्न एखाद्या मुलाकडून चटकन येईल. तज्ज्ञ मात्र तिथे उशिरा पोचतात.

पेंग्विनांची गोष्ट

छोट्या तक्रारीत मोठा प्रश्न कसा लपलेला असतो, हे पाहायचं तर चिलीला जावं लागेल. २००६ साली तिथले माध्यमिक शाळांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गडद कोट, पांढरा शर्ट असा गणवेश, म्हणून लोकांनी त्यांना पेंग्विन म्हटलं आणि आंदोलनाचं नाव पडलं ‘पेंग्विन क्रांती’. मागण्या काय होत्या? बसचा पास फुकट हवा. विद्यापीठ प्रवेश परीक्षेची फी नको. कुणालाही वाटावं की दोन सवलती दिल्या की पोरं घरी जातील.

पण शाळा ताब्यात घेऊन आत बसलेल्या मुलांनी रात्र-रात्र चर्चा केल्या. पास महाग का? काही नगरपालिकांच्या शाळा बऱ्या आणि काहींच्या पडक्या का? या ‘का’चा माग काढत ती एका कायद्यापाशी पोचली. हुकूमशहा पिनोशे यांच्या राजवटीने सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० रोजी, शिक्षणाचा एक मूलभूत कायदा जारी केला होता. खासगी संस्थांना मोकळं रान आणि सरकार कडेला, असा त्याचा रोख. वर तो अशा प्रकारचा कायदा होता की बदलायला साधं बहुमतही पुरत नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची मुलं, म्हणजे ज्या साली हा कायदा आला त्याच्या आसपास जन्मलेली, आता तो रद्द करा म्हणू लागली. ३० मे २००६ च्या देशव्यापी संपात लाखो विद्यार्थी सामील झाले.

पुढचं मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण ‘आंदोलन झालं आणि जिंकलं’ इतकं ते सरळ नाही. राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांनी काही मागण्या मान्य केल्या आणि एक मोठी सल्लागार परिषद नेमली. तिच्यात विद्यार्थ्यांना जागा होत्या, पण तज्ज्ञ, राजकारणी आणि संस्थाचालकांच्या गर्दीत त्या मूठभरच. शेवटाकडे विद्यार्थी तिच्यातून बाहेर पडले. २००९ मध्ये जुना कायदा गेला, नवा आला, आणि अनेक विद्यार्थ्यांना तो पुरेसा वाटला नाही. २०११ मध्ये विद्यापीठांतली पिढी पुन्हा रस्त्यावर आली. २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या निम्म्या कुटुंबांतल्या मुलांसाठी उच्च शिक्षण विनाशुल्क होऊ लागलं. २०११ च्या आंदोलनातला एक विद्यार्थी नेता, गाब्रिएल बोरिच, मार्च २०२२ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

म्हणजे बसच्या पासपासून कायद्यापर्यंत तीन वर्षं, आणि फीपर्यंत दहा. परिषदेत खुर्ची मिळाली तेव्हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता. खुर्च्या किती आणि विषयपत्रिका कुणाची, यावर तो पुन्हा अडला.

सूत्राने दिलेले गुण

दुसरी गोष्ट चार दिवसांची आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेश ठरवणाऱ्या, परीक्षा झाल्याच नाहीत. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजी श्रेणी कळवायची आणि वर्गातला क्रम लावून द्यायचा, असं ठरलं. शिक्षक हात सैल सोडतील या भीतीने ऑफक्वॉल या नियामक संस्थेने त्यावर एक सूत्र बसवलं. हे सूत्र शिक्षकांनी लावलेला क्रम ठेवायचं, पण श्रेण्या मात्र त्या शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांशी जुळवून वाटायचं. थोडक्यात, शाळेत आजवर कुणालाच वरची श्रेणी मिळाली नसेल तर यंदाच्या हुशार मुलीलाही ती मिळणं जवळजवळ अशक्य. आणि वर्ग अगदी छोटा असेल तर सूत्र बाजूला ठेवून शिक्षकाची श्रेणी धरायची. छोटे वर्ग जास्त कुठे असतात? खासगी शाळांत.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी कळवलेल्या श्रेण्यांपैकी जवळपास ४० टक्के खाली आणल्या गेल्या होत्या. विद्यार्थी लंडनमध्ये शिक्षण खात्यासमोर जमले आणि सूत्राच्या नावाने ओरडू लागले. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली, शिक्षकांच्या श्रेण्या ग्राह्य धरल्या.

आधी विचारलं नव्हतं असं मुळीच नाही. वसंतात ऑफक्वॉलने तत्त्वांवर रीतसर मतं मागवली होती. ‘जुन्या निकालांशी सातत्य राखावं का?’ हे तत्त्व म्हणून ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ते आपल्या पदरात काय टाकणार, हे मात्र निकाल हाती पडल्यावरच कळलं. आता शिकवण्यात आणि तपासण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे, तिथेही हाच घोळ होणार असं मला दिसतं. मत तत्त्वावर घ्यायचं आणि निर्णय सूत्रात घालायचा. मुलांना सूत्राचं गणित कळणार नाही हे कारण पुरेसं नाही. एका खऱ्या शाळेचं उदाहरण सोडवून दाखवलं असतं, तर पंधरा वर्षांच्या मुलानेही त्यातली गोम पकडली असती.

समाज म्हणजे कोण?

‘समाजाचा आवाज’ हा शब्द तर आणखी ढगळ आहे. त्यात पालक येतात, गावातले म्हातारे-कोतारे येतात, शाळा सोडून कामाला लागलेला पोरगाही येतो. न्यूझीलंडमधल्या माओरींची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये तरुण माओरी कार्यकर्त्यांनी ३०,००० हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत नेऊन दिला: आमची भाषा शाळेत शिकवा. भाषा अस्खलित बोलणारे बहुतेक म्हातारे झाले होते, लहान मुलांच्या तोंडून ती जवळजवळ गेली होती. सरकारी गाडी हळूहळू हलत होती, तेव्हा समाजाने वाट पाहायचं सोडलं. १९८२ मध्ये पहिलं ‘कोहंगा रेओ’, शब्दशः ‘भाषेचं घरटं’, सुरू झालं. आजी-आजोबांनी दिवसभर बालवाडीतल्या पोरांशी फक्त माओरीत बोलायचं, इतकी साधी कल्पना. घरट्यातली पोरं मोठी झाली तेव्हा त्यांना शाळा नव्हती, म्हणून १९८५ मध्ये माओरी माध्यमाची पहिली शाळा निघाली. १९८७ मध्ये भाषा अधिकृत झाली, १९८९ मध्ये कायद्याने या शाळांना मान्यता दिली. इथे क्रम उलटा आहे. आधी समाजाने करून दाखवलं, कायदा मागून आला.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये भाषेच्याच प्रश्नावर १६ जून १९७६ रोजी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. निम्मे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे तिथल्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकवण्याची सक्ती होती. वीस वर्षांनी, १९९६ च्या शालेय कायद्यात, त्याच देशाने प्रत्येक सरकारी शाळेला निवडून आलेलं नियामक मंडळ दिलं. त्यात मतदान करणाऱ्यांत पालकांचं बहुमत असतं आणि आठवी किंवा त्यावरचे वर्ग असतील तिथे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या महिलांना दिल्या. मुलांचा उल्लेख मूळ कायद्याच्या त्या कलमात नाही. अर्थात समिती कागदावर असणं आणि ती भरणं यांत फार अंतर असतं. बैठक कामाच्या वेळेत ठेवली की मजुरीवर जाणारे पालक आपसूक गळतात, आणि मग ‘पालकांना रस नाही’ म्हणायला आपण मोकळे.

थोडे पैसे, पण खरे

मला सगळ्यात भावलेला प्रयोग अगदी किरकोळ आहे. पोर्तुगालने २०१७ पासून सरकारी शाळांतल्या सातवी ते बारावीच्या मुलांच्या हाती थोडे पैसे द्यायला सुरुवात केली. शाळेत पाचशेपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर डोई एक युरो, नाहीतर सरसकट ५०० युरो. मुलांनी शाळा सुधारण्याचे प्रस्ताव लिहायचे, त्यांना सोबत्यांचा पाठिंबा मिळवायचा, प्रचार करायचा आणि २४ मार्चच्या विद्यार्थी दिनाच्या सुमारास मतदान. जो जिंकेल त्यावर शाळेने ते पैसे खर्च करायचे. लोकांनी अंदाजपत्रकातला वाटा ठरवण्याची ही रीत ब्राझीलच्या पोर्तु अलेग्री शहरात १९८९ मध्ये रुजली, ती अशी समुद्र ओलांडून शाळेत आली.

पाचशे युरोंत शिक्षणाचं भविष्य बदलत नाही, हे मलाही कळतं. पण इथे लंडींची चौथी अट आधीच पुरी झालेली आहे. निकाल मोठ्यांच्या मर्जीवर नाही. आणि हरलेल्या प्रस्तावालाही उत्तर मिळतं: इतकी मतं पडली, दुसऱ्याला जास्त पडली.

‘पण मुलं चुकतील ना?’

चुकतील. बहुमत एखाद्याला छळूही शकतं, आणि आवाज नेहमीच्या चार चुरचुरीत बोलणाऱ्या मुलांचाच होऊ शकतो. पोलंडमधल्या यानुश कोर्चाक यांनी यावर शंभर वर्षांपूर्वी उपाय शोधला होता. डॉक्टर असलेले कोर्चाक १९१२ पासून वॉर्सात अनाथाश्रम चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं. कोणीही कोणावरही, शिक्षकावरसुद्धा, तक्रार लावू शकत असे. न्यायाधीश मुलंच, आणि तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली, म्हणजे लोकप्रियतेचा प्रश्न मिटला. त्यांच्या संहितेची सुरुवातीची सगळी कलमं सोडून देण्याची आणि माफ करण्याची होती. खरी दोषाची कलमं शंभराच्या पुढे सुरू व्हायची. खुद्द कोर्चाक यांच्यावरही खटले चालले. मुलांच्या हाती सत्ता दिली की ती सूड उगवतील, ही मोठ्यांची भीती त्यांनी नियम कसे लिहायचे याचा विचार करून सोडवली.

शिक्षकांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. ज्या शिक्षकाला स्वतःला कधी कुणी विचारलं नाही, वरून आलेले आदेश पाळत जो थकला आहे, त्याने वर्गात मुलांना विचारत बसावं ही अपेक्षा म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

एक प्रसंग मात्र सांगायचा राहिला. इंग्लंडमध्ये समरहिल नावाची छोटी निवासी शाळा आहे, १९२१ मध्ये ए. एस. नील यांनी काढलेली. तिथले नियम मुलं आणि मोठे एकत्र सभेत ठरवतात, प्रत्येकाला एकच मत, आणि तासाला बसणं मुलांच्या इच्छेवर असतं. १९९९ मध्ये सरकारी तपासनिसांना हेच खटकलं आणि शाळेला नोटिसा निघाल्या. प्रकरण लवादापुढे गेलं. मार्च २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात सुनावणीच्या चौथ्या दिवशी सरकारी बाजू ढासळली आणि तडजोडीचा मसुदा पुढे आला. शाळेच्या वतीने तो कुणी मान्य करायचा? त्या दिवशी हजर असलेल्या मुलांनी न्यायालयाचं दालनच ताब्यात घेतलं आणि तिथे नेहमीसारखी शाळेची सभा भरवली. मसुद्यावर चर्चा झाली, मग हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले. यापुढच्या तपासणीत मुलांची मतंही विचारात घ्यायची, असं त्या मसुद्यात लिहिलेलं होतं.